विहारात मुक्कामाला जाताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूण शहरात घुसलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरे इथल्या बौद्धवाडीवर दरड कोसळली आणि १७ माणसं गेली. आम्ही मुंबई-पुण्याचे ११ जण, चार मुली आणि सात मुलगे, आठवडाभरात निघालो. सोबत रेशनची किटं होती, फावडी, घमेली, गमबूट, क्लोरीनच्या गोळ्या होत्या. झोपायचं कुठे, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. शहरातली लॉजं स्वतःच गाळात होती.

शेवटी आमच्यातल्या एकाच्या चुलत्यांनी फोनवर सांगितलं, "वाडीत विहार हाय की. चावी माझ्याकडंच असते. या सरळ."

त्या विहारात आम्ही नऊ रात्री राहिलो. त्यानंतरच्या चार वर्षांत सर्वेक्षण, अभ्यासशिबिरं, वाचनालयाची कामं अशा निमित्तांनी खेड, दापोली, मंडणगड, संगमेश्वर या तालुक्यांतल्या विहारांमध्ये मुक्काम झाले. आता आपली बरीच तरुण मंडळी अशा कामांसाठी कोकणात जातात. काही जण नुसती लेणी बघायला जातात आणि जाता जाता काहीतरी काम करावं म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. त्यात आमच्या चुकाही आहेत.

आधी एक प्रश्न. आमची एक मैत्रीण परदेशी स्वयंसेवक-प्रवासाच्या जाहिराती बघून विचारत होती, की बोर्निओ बेटावर सारावाकमध्ये इबान लोकांची 'लाँगहाऊस' असतात, तिथे जाऊन राहता येतं, काम करता येतं, तसं आपल्याकडे काही आहे का? इबानांचं लाँगहाऊस म्हणजे एका छपराखाली अख्खं गाव. एका बाजूला ओळीने एकेका कुटुंबाची खोली, आणि त्या सगळ्या खोल्यांसमोरून जाणारी एकच लांबलचक सामाईक पडवी. तिला ते 'रुआई' म्हणतात. पाहुणा आला की आधी रुआईवर बसतो. आपल्याच राज्यात गडचिरोलीत माडिया-गोंडांचं गोटुल आहे. तेही गावाचं सामाईक घर.

कोकणातल्या बौद्धवाडीत असं सामाईक घर म्हणजे विहार. पण आपण आज विहार म्हटलं की मूर्ती, वंदना आणि १४ एप्रिल एवढंच डोळ्यासमोर आणतो. मूळ अर्थ राहण्याची जागा असा आहे. विनयपिटकात भिक्खूंना राहायला पाच प्रकारच्या जागा मान्य केल्या आहेत, आणि त्यांना मिळून शब्द वापरला आहे 'लेण', म्हणजे आसरा. विहार हा त्यातला पहिला प्रकार, गुहा हा शेवटचा. मराठीतलं 'लेणं' हेच. आज आपण तिकीट काढून लेणी बघतो. ती कुणाचीतरी झोपायची जागा होती.

त्याची पार्श्वभूमी पावसाची आहे. सुरुवातीला भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, गवताच्या गंजीत राहत. पावसाळ्यातही ते फिरत राहिले तेव्हा लोक कुरकुरले, की हे हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात. मग तीन महिने एका जागी राहण्याचा नियम आला. तोच वर्षावास. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने एका दिवसात ६० निवासस्थानं बांधून दिल्याची हकीकत विनयात आहे. ती कुणाच्या नावाने द्यायची असं त्याने विचारलं, तेव्हा भगवंतांनी सांगितलं, की आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघाला दे. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांत 'चातुदिस' हा शब्द येतो तो याच अर्थाने. नाशिकला आहे, कार्ल्याला आहे. जागा आज तिथे राहणाऱ्यांची तर आहेच, पण उद्या कुठल्याही दिशेने येणाऱ्याचीही आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हे बघायचं तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला जावं. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. सुरुवात साधारण तिसऱ्या शतकात हीनयान काळात झाली, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयानी बौद्ध होते, आणि पुढे नाथपंथीयांनी तीच जागा वापरली. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९८६ मध्ये या लेण्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. आम्ही गेलो तेव्हा पाऊस असा होता की समोरचं दिसत नव्हतं, आणि कातळाच्या आत मात्र कोरडं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात कोरडी जमीन ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चिपळूणच्या नऊ रात्रींनंतर आम्हाला ते जरा जास्तच कळलं होतं.

आता आमच्या विहाराचं वर्णन. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर पूर्वी कौलं, आता पत्रा. लांबट एकच खोली, समोर पडवी, पुढे खळं आणि खळ्यात पंचरंगी ध्वज. आत एका टोकाला बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, दुसऱ्या टोकाला लोखंडी कपाट. कपाटात सतरंज्या, लाऊडस्पीकरचा अँप, मोठे टोप, पराती, डाव. लग्न असो, जलदान विधी असो, हीच भांडी घरोघर जातात. दाराच्या बाजूला संगमरवरी पाटी आणि तिच्यावर देणगीदारांची नावं. सगळ्यात मोठी रक्कम ५०१. बाकी ५१, २१, आणि शेवटी ११ रुपयांची तीन नावं, तिन्ही बायकांची. शेजारच्या रायगड जिल्ह्यात कुडा लेण्यांमध्ये दानलेख आहेत, त्यांत एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे. आमच्या पाटीवर होते गिरणी कामगार, गोदी कामगार, पालिकेचे सफाई कामगार आणि शेतमजुरी करणाऱ्या बाया.

हे पैसे मुंबईहून आले होते, आणि मुक्कामाची शिस्तही तिथूनच आली होती. चावी ज्यांच्याकडे असते ते बाबा गिरणीतून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं त्यांनी बीडीडी चाळीत गावकीच्या खोलीत काढली. कोकणातल्या अनेक गावांनी मुंबईत अशा खोल्या ठेवल्या होत्या. १६० चौरस फुटांची खोली, माणसं वीस-पंचवीस, पाळीप्रमाणे झोपायचं. आम्ही पहिल्या सकाळी अंथरुणं तशीच टाकून निघालो होतो. बाबांनी हाक मारून परत बोलावलं. वळकटी कशी बांधायची, कुणाची कुठल्या खुंटीला, ओला टॉवेल कुठे, चपला कुठल्या बाजूला, हे दहा मिनिटांत दाखवलं. "पंचवीस माणूस ऱ्हायचा तिथं. तुमी अकराच हाव," एवढंच म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी समाजशास्त्रात एम. ए. केलं आहे. क्षेत्रकार्याचा पेपर असतो, यजमान समूहाशी नातं कसं जोडावं यावर प्रश्न येतो. वळकटीवर येत नाही.

ज्यांना असा मुक्काम करायचा आहे त्यांनी सगळ्यात आधी चावीचं राजकारण समजून घ्यावं. विहार कुणाच्या नावावर आहे, हे दिसतं तितकं सरळ नसतं. काही विहार वर्गणीतून उभे राहिले, पण जमीन एखाद्या कुटुंबाने तोंडी दिलेली, सातबाऱ्यावर नाव अजून त्या घराचंच. काही दलित वस्ती सुधार योजनेतून झाले. कागदावर ते समाजमंदिर, मालकी ग्रामपंचायतीची, आत मूर्ती वाडीने बसवलेली. शिवाय कोकणात प्रत्येक वाडीची दोन मंडळं असतात, एक स्थानिक आणि एक मुंबईचं. राहणारे गावात, पैसा मुंबईत, आणि निर्णय कुणाचा यावर दरवर्षी मे महिन्यात सभा. आम्ही एका तालुक्यात फक्त स्थानिक अध्यक्षांना विचारून शिबिर ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला, "आम्हाला न विचारता कुणी परवानगी दिली?" आम्हाला बाहेर कुणी काढलं नाही. पण आम्ही निघून गेल्यावर त्या अध्यक्षांना सभेत उत्तरं द्यावी लागली, हे नंतर कळलं. पाहुण्यांमुळे यजमानांत भांडण लागलं. तेव्हापासून आम्ही दोन्हीकडे फोन करतो, आणि किती जण, किती दिवस, कशासाठी हे एका कागदावर लिहून देतो. राजकीय पक्षाचं नाव त्या कागदावर नसतं. एकाच वाडीत तीन पक्षांची घरं असतात आणि विहार तिघांचा असतो.

पोचल्यावर कसं वागायचं यासाठी नवीन नियमावली लिहायची गरज नाही. चुल्लवग्गात 'आगंतुक वत्त' आहे, म्हणजे बाहेरून आलेल्या भिक्खूने पाळायचे शिष्टाचार. आम्ही ते आधी अभ्यासवर्गात वाचलं होतं, वरवरच. विहारात राहून आल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा गंमत वाटली, कारण त्यात तत्त्वज्ञान जवळजवळ नाहीच. चपला काढून झटकून हातात घ्या. आधीपासून राहणारे कुठे जमले आहेत ते पाहून तिकडे जा. पिण्याचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं, ते विचारा. झोपायची जागा कुठली, शौचाची जागा कुठली, गावात कुठे जायचं आणि कुठे नाही, हे विचारा. खोली मळलेली असेल तर झाडून घ्या. यातला एकेक प्रश्न आम्ही विचारला नाही आणि एकेक वेळा तोंडावर पडलो.

पाण्याचं तर पहिल्याच रात्री झालं. पडवीत दोन पिंपं भरलेली होती. दिवसभर गाळ उपसून आलो होतो, अंगाला वास येत होता, अकरा जणांनी हातपाय धुतले, कपडे खळबळले. सकाळी काकी कळशी घेऊन आल्या आणि रिकाम्या पिंपांकडे बघत उभ्या राहिल्या. पुराने नळयोजना बंद पडली होती. ते पाणी बायकांनी खालच्या विहिरीवरून चढ चढून आणलेलं, आणि पिण्याचं होतं. बाहेर धो धो पाऊस, म्हणून आम्हाला वाटलं पाण्याला काय तोटा. काकी काही बोलल्या नाहीत. पुढचे आठ दिवस पाणी आम्ही भरलं, पण त्या सकाळचं ओशाळलेपण अजून जात नाही.

शौचालयाचं आधीच विचारा. बहुतेक विहारांना ते नसतं. कुणाच्या तरी घरचं वापरावं लागतं, आणि अकरा माणसांनी एका घरचं वापरणं हा त्या घरावर मोठा भार असतो. दोन-तीन घरं वाटून घ्यावीत, आणि रोज धुऊन यावं. ते घरच्या सुनेवर सोडू नये.

जेवणाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. जुलैअखेर म्हणजे लावणीचे शेवटचे दिवस. ज्यांची शेतं वाचली होती त्यांना ती उरकायची होती, आणि ज्यांना स्वतःची जमीन नाही त्या बायांना वर्षातली सगळ्यात बरी मजुरी याच दिवसांत मिळते. पहिले तीन दिवस आम्हाला दोन्ही वेळ गरम जेवण मिळालं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, रात्री भात-आमटी. आम्ही कौतुक करत होतो, फोटो काढत होतो. चौथ्या दिवशी एका मुलीच्या लक्षात आलं की चुलीपाशी असतात त्या दोन आत्या रोज त्याच असतात आणि त्या लावणीला जातच नाहीत. विचारलं तर, "तुमी आमच्यासाठी आलाव, आमी काय एवढं करू नाय?" म्हणजे पूरग्रस्तांना मदत करायला आलेल्या अकरा शिकलेल्या माणसांसाठी दोन मजूर बायांनी तीन दिवसांची मजुरी सोडली होती. आमच्या किटांची किंमत त्या हिशेबात कुठे बसते, ते आम्ही रात्री बसून मोजलं. आकडा इथे देत नाही. लाज वाटेल असा होता.

आम्ही म्हणालो, आमचं आम्ही शिजवतो, भांडी मंडळाची आहेतच. तर बाबा रागावले. त्यांना तो अपमान वाटला. आपल्या समाजात अन्नाला जो इतिहास आहे तो विसरून हा मुद्दा सुटत नाही. कित्येक पिढ्या आपल्या हातचं कुणी खाल्लं नाही, आपल्या भांड्याला कुणी शिवलं नाही. दारात आलेला माणूस जेवून जाणं याला या वाडीत पाहुणचारापेक्षा जास्त अर्थ आहे. शेवटी मधला मार्ग निघाला. सकाळचा चहा आणि दुपारचं आम्ही करायचं, रात्री घरोघर पाळीने दोघे-दोघे जेवायला जायचं. एका घरावर दोन माणसांचा भार फारसा पडत नाही, आणि गप्पाही होतात. कुणाचं कर्ज आहे, कुणाची म्हैस वाहून गेली, पंचनाम्यात कुणाचं नाव राहिलं, ही माहिती आम्हाला सर्वेक्षणाच्या फॉर्मवर मिळाली नाही. ती या जेवणांत मिळाली.

त्याच संदर्भातली एक कडू गोष्ट. आमच्याबरोबर दुसऱ्या समाजातला एक मित्र होता, कामाला वाघ. पण पहिले दोन दिवस तो कुठल्याच घरात पाणी पीत नव्हता, बिस्किटं आणि बाटलीबंद पाण्यावर राहत होता. त्याला पोटाची भीती होती, आणि पूर ओसरल्यावर ती भीती खोटी नसते. पण तांब्या पुढे करणाऱ्या आजीला हे कसं कळावं? महाड इथून फार लांब नाही. १९२७ मध्ये पाण्यासाठी काय घडलं ते तिच्या घरात सासऱ्यांनी सांगितलेलं आहे. तिने तांब्या मुकाट्याने मागे घेतला. तिसऱ्या दिवशी आम्ही मित्राला हे सांगितलं, तो हादरलाच. त्याने आजीकडे जाऊन चुलीवर पाणी उकळून मागितलं आणि तिच्यासमोर दोन भांडी प्यायला. नंतर वाडीत सगळ्यांनीच उकळून प्यावं म्हणून तोच घरोघर फिरला. एवढं साधं होतं ते. सोबत कुणालाही नेताना हे आधीच बोलून घ्या.

संध्याकाळी विहार आमचा नसे. त्या वर्षी २४ जुलैला आषाढ पौर्णिमा होती, म्हणजे पूर आला आणि दोन दिवसांत वर्षावास सुरू झाला. इतकं नुकसान होऊनही वाडीने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन थांबवलं नव्हतं. रोज आठ ते साडेनऊ. आम्ही दमून आलेलो, अंथरूण दिसत असायचं कपाटाशेजारी, पण वाचन संपेपर्यंत ते उलगडता येत नसे. दुसऱ्या रात्री आमच्यातला एक जण भिंतीला टेकून घोरायला लागला. कुणी हटकलं नाही, एका आजीने त्याच्या अंगावर सतरंजी टाकली. आम्ही शिकलेले म्हणून वाचायचा मान आम्हाला दिला, आणि आमच्या एका पदवीधराने तो अडखळत पार पाडला. नंतर सातवीतल्या मुलीने वाचलं. तिच्यासमोर आम्ही पुन्हा ते धाडस केलं नाही.

झोपायच्या जागांचं वाटप हा विषय लोकांना किरकोळ वाटतो. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. निवासाची व्यवस्था लावणं हे त्याने मागून घेतलेलं काम. तो सारख्या आवडीच्या माणसांना एकत्र जागा देई. सुत्त म्हणणारे एकीकडे, ध्यान करणारे दुसरीकडे, आणि ज्यांना नुसत्या गप्पा मारायच्या आहेत तेही एकत्र, म्हणजे त्यांचंही बरं चालेल. आम्ही गप्पिष्टांना पडवी दिली.

आमच्यातल्या एकाला सहाव्या दिवशी ताप भरला. गाळात उघड्या पायाने काम केलं होतं, म्हणून लेप्टोची शंका होती. लगेच सरकारी दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, चार दिवसांत बरा झाला. रात्री त्याच्या उशाशी कोण बसलं, तर तीच आजी. आजारी भिक्खूला भगवंतांनी आणि आनंदांनी स्वतः धुऊन काढल्याची गोष्ट तिने आम्हाला सांगितली. ती आम्हाला माहीत होती, पण आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. गमबूट न घालता गाळात उतरू नका, एवढं मात्र आमच्याकडून घ्या.

आता मुलींच्या मुक्कामाबद्दल, कारण यावर आपल्या समाजात मोकळं बोललं जात नाही. चिपळूणजवळच्या वाडीत प्रश्न आला नाही. मुली आतल्या बाजूला, मुलगे पडवीत, आणि दार आतून बंद. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या एका तालुक्यात मंडळाने सांगितलं, मुलगे विहारात राहतील, मुलींची सोय घरात करू. कारण विचारलं तर आधी सुरक्षितता. नंतर चहा पिताना एका ज्येष्ठांनी हळूच विचारलं, "मूर्तीजवळ झोपायचं, मग बायकांच्या अडचणीचं काय?" जे सोडून आपण १९५६ ला बाहेर पडलो, तेच विहाराच्या दारातून परत आत आलं होतं. आम्ही वाद घातला. २२ प्रतिज्ञा काढल्या, थेरीगाथेचा दाखला दिला, आवाज चढले. वाद आम्ही हरलो. मुली दोन रात्री एका घराच्या पडवीत झोपल्या.

आज मागे वळून पाहताना वाटतं, आवाज चढवून आम्ही स्वतःचंच नुकसान केलं. दोन दिवसांच्या पाहुण्यांनी गावच्या माणसाला लोकांदेखत धम्म शिकवायला जाऊ नये, तो खरा असला तरी. ज्या बायकांना हे रोज सोसावं लागतं त्यांच्याशी आम्ही आधी बोललोच नव्हतो. पुढच्या खेपेला बोललो. उपासिका मंडळातल्या दोघी म्हणाल्या, "आमीच येतांव झोपायला पोरींसंगं. बघू कोण काय बोलतंय." त्या चादरी घेऊन आल्या. त्यांनाही त्या विहारात रात्री राहायची ही पहिलीच वेळ होती, असं त्यांनी दिवा मालवल्यावर सांगितलं. त्या ज्येष्ठांचं मत बदललं असं आम्ही म्हणणार नाही. ते सकाळी वंदनेला आले, अंथरुणं वळलेली बघितली, काही बोलले नाहीत.

पैशांचं स्पष्ट असावं. विहाराच्या विजेचं बिल मंडळ भरतं. अकरा मोबाईल, दोन पंखे, रात्रभर दिवा म्हणजे त्यांच्या महिन्याच्या बिलात फरक पडतो. आम्ही आता माणशी रोजचे ठरावीक पैसे आधीच काढून ठेवतो आणि निघताना मंडळाच्या नावाने देऊन पावती घेतो. कुणा एकाच्या हातात रोख ठेवत नाही. गॅस, सरपण, तांदूळ यांचं वेगळं. 'घेणार नाही' असं तिथे हमखास म्हणतात. तेव्हा दानपेटी आहेच.

फोटोंबद्दल एकच सांगायचं. चुलीपाशी बसलेल्या बाईचा, पुरात भिजलेल्या अंथरुणाचा, रेशन घेताना हात पसरलेला फोटो टाकू नका. आम्ही पहिल्या दिवशी टाकला होता. मुंबईतल्या तिच्या मुलाने तो ऑफिसात सहकाऱ्याच्या मोबाईलवर पाहिला आणि आम्हाला फोन केला. तो शिव्या देत नव्हता. "काढा एवढंच सांगतो," म्हणाला. आम्ही काढला.

निघण्याचे शिष्टाचारही चुल्लवग्गात आहेत. सामान नीट लावा, दारंखिडक्या बंद करा, आणि जागा कुणाच्या तरी स्वाधीन केल्याशिवाय जाऊ नका. दहाव्या दिवशी आम्ही सतरंज्या धुऊन वाळत घालायचा प्रयत्न केला. कोकणात ऑगस्टमध्ये सतरंजी वाळत नाही. ओल्या सतरंज्या तशाच बाबांच्या पडवीत दोरीवर टाकून, चावी त्यांच्या हातात देऊन निघालो.

त्या विहाराला आता दोन चाव्या आहेत. दुसरी उपासिका मंडळाकडे असते. कपाटात १२ चटया वाढल्या आहेत आणि एक वही ठेवली आहे, मुक्काम करणाऱ्याने नाव, गाव, किती रात्री आणि काय काम केलं ते लिहायचं. गेल्या खेपेला पाहिली तेव्हा सात गटांची नोंद होती. सगळ्यात शेवटची नोंद नर्सिंगच्या मुलींची, रक्ततपासणी शिबिराची, तीन रात्री. तिच्याखाली बाबांनी पेनाने लिहिलं आहे, पिंपं भरून गेल्या.